मीठ, मिरची आणि शेजारीण

मे महिना सरत आला, आभाळ भरून येऊ लागले, की आमच्या गोमंतकात घरोघरी पुरुमेंताची घाई सुरू होते. चार महिन्यांचे तांदूळ, सुकी मासळी, सोले, वर्षाची मिरची आणि वर्षाचे मीठ एकदा घरात येऊन पडले, म्हणजे मग गृहिणीस पावसाचे भय उरत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत, एका संध्याकाळी, शिवोलीचा पूल ओलांडून आम्ही चोपड्यास एका ख्रिस्ती घरी गेलो होतो. आमच्या लहानपणी येथे पूल नव्हता. फेरीबोटीची वाट पाहत शापोरा नदीच्या काठी तिष्ठत उभे राहावे लागे. आता पाच मिनिटांत पैलतीर गाठता येतो. घरातील चार वर्षांचा मुलगा तापाने पडला आहे, त्यास आशीर्वाद द्यावा, असा निरोप आला होता.

उंबरठा ओलांडताच ठसका लागला. घरभर मिरचीचा धूर कोंडला होता. मुलाची आजी स्वयंपाकघरातून पितळी ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत तुरटीचा फुललेला पांढरा गोळा होता. "पाहा फादर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "डोक्यावर टोपली घेतलेली बाई. आम्ही कोणाचे नाव घेत नाही; पण चुलीनेच दाखविले."

खोटे का सांगावे? आम्ही वाकून पाहिले आणि क्षणभर आम्हांसही ती टोपली दिसली.

मग आमचे लक्ष मुलाकडे गेले. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. प्रत्येक श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. ताप येऊन चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत तीन वेळा दृष्ट काढून झाली होती, औषध मात्र तापाच्या गोळीपलीकडे गेले नव्हते. आम्ही आशीर्वाद थोडक्यात आटोपला आणि मुलास त्याच्या आईसह आमच्याच गाडीतून म्हापशास इस्पितळात नेले. डॉक्टरांनी न्यूमोनियाचे निदान केले. देवाची कृपा व वेळेवर मिळालेली औषधे, यांमुळे आठवड्याभराने मूल घरी परतले व आज ते शाळेत जाते.

मुलाची गोष्ट येथे संपली; टोपलीवालीची मात्र संपली नाही. आगरवाड्याच्या बाजूने वर्षानुवर्षे मीठ घेऊन येणारी एक निपुत्रिक विधवा त्या वाड्यावर सर्वांच्या ओळखीची होती. आजीने नाव घेतले नव्हते, तरी ते महिन्याभरात वाड्यावर सर्वांना कळले. त्या बाईचे पुढे काय झाले, ते लेखाच्या शेवटी सांगू. तत्पूर्वी एका प्रश्नाचा विचार करू या. दृष्ट काढावयास मीठ, मिरची, तुरटी, मोहरी, लिंबू, वेखंड, बिब्बा हेच पदार्थ का घेतात? साखर का नाही? तांबडा भोपळा का नाही? या वस्तूंना लोकमानसात काही अर्थ आहेत, आणि ते जाणून घेतल्यावाचून या चालींना नुसते हसणे किंवा नुसते भिणे, दोन्ही सारखेच अडाणीपणाचे आहे.

चुलीची तीन उत्तरे

दृष्ट काढण्याची आमच्याकडील रीत वाचकांस ठाऊक आहेच. मूठभर खडेमीठ, काही सुक्या लाल मिरच्या व तुरटीचा एक खडा, ज्यास आमच्याकडे फटकी म्हणतात, मुठीत धरावयाचा. मुलाच्या डोक्यापासून पायांपर्यंत फिरवावयाचा. आणि कोणाशी न बोलता निखाऱ्यांवर टाकावयाचा. हिंदू घरी त्या वेळी देवाचे नाव घेतात, ख्रिस्ती घरी क्रूसाची खूण करून विश्वासांगीकार म्हणतात. मूठ तीच, निखारे तेच.

निखारे तीन प्रकारे उत्तर देतात, असे मानले जाते. मीठ तडतडले, म्हणजे दृष्ट फुटली. मिरचीचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट कडक होती. आणि तुरटी फुलून जो आकार होईल, तो दृष्ट लावणाऱ्याचा.

आता ही तीनही उत्तरे येतात कोठून, ते पाहू. समुद्राच्या खडेमिठाच्या कणांत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. तापल्यावर त्यांची वाफ होऊन कण फुटतो आणि तडतड होते. दृष्ट असो वा नसो, मीठ तडतडणारच. मिरचीचे म्हणाल, तर ती मंद आचेवर धुमसली तर घर सोडावयास लावते आणि धगधगत्या विस्तवात पडली तर भुरकन जळून जाते. हे कोणतीही सुगरण सांगेल. तुरटीच्या खड्यात तर पाण्याचा अंश फार मोठा असतो. तापताच ती आपल्याच पाण्यात वितळते, उकळते आणि वाफ निघून जाताना फुगून तिचा हलका, सच्छिद्र गोळा होतो. वैद्य त्यालाच तुरटीची लाही म्हणतात व औषधात वापरतात. त्या गोळ्याचा आकार दर वेळी निराळा होतो. ढगांत जसा कोणास हत्ती दिसतो व कोणास घोडा, तसा या लाहीत ज्याच्या मनात जो असेल तो दिसतो. आजीच्या मनात टोपलीवाली होती. आम्हांस आजीने आधीच सांगितले होते, म्हणून आम्हांसही तीच दिसली.

मीठ

या सर्व पदार्थांत मिठाचा मान पहिला. चोपडे आणि आगरवाडा ही जोडगावे, पंचायतही एकच. आगर म्हणजे मिठागर, आणि तेथील मिठागरे पेडणे तालुक्यात नावाजलेली आहेत. भरतीचे खारे पाणी बांधातून आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवीत उन्हाने आटवावयाचे आणि तळाशी जमलेले मीठ लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग करावयाचे. पहिला पाऊस आला की सारे काम बंद. एवढ्या उन्हातान्हातून आलेला हा पदार्थ स्वतः कधी नासत नाही आणि मासळीस, कैरीस व सोलांस नासू देत नाही. जे नासू देत नाही, ते मुलालाही नासू देणार नाही, हा मिठाचा लोकमानसातील अर्थ होय.

दुसरा अर्थ याहून खोल आहे. मराठीत आपण खाल्ल्या मिठाला जागतो. अन्न कितीही गोड असो, कृतज्ञता मोजावयाची ती मिठाने. पवित्र शास्त्रातही मीठ हे कराराचे चिन्ह मानले आहे. अलीशा संदेष्ट्याने यरीहोचे दूषित पाणी मीठ टाकून निर्दोष केले, ही कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. १९६९ साली बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी येईपर्यंत धर्मगुरू बालकाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवीत असत. ते सुज्ञतेचे व नाशापासून रक्षणाचे चिन्ह होते. म्हणजे मिठाच्या अर्थाविषयी आजी आणि आम्ही यांच्यात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते त्या अर्थाचे पुढे काय करावयाचे, याविषयी.

मिरची

मिरचीचा अर्थ उघड आहे. नजर झोंबते, मिरचीही झोंबते. काट्याने काटा काढावा तशी झोंबणाऱ्याने झोंबणारी काढावी. जेम्स फ्रेझर या स्कॉटिश पंडिताने 'गोल्डन बाउ' नावाचा मोठा ग्रंथ लिहिला, त्याची पहिली आवृत्ती १८९० साली निघाली. जगभरच्या जादूटोण्याच्या मुळाशी दोन कल्पना आहेत, असे त्याने दाखविले. सारखी वस्तू सारख्या वस्तूवर परिणाम करते, ही एक. आणि एकदा स्पर्श झालेल्या वस्तूंचा संबंध दूर गेल्यावरही तुटत नाही, ही दुसरी. मुठीतील मिरचीत या दोन्ही कल्पना आहेत. ती नजरेसारखी झोंबते आणि ती मुलाच्या अंगावरून फिरली आहे.

परंतु येथे एक गंमत आहे. मिरची ही मुळी आपल्या देशाची नव्हेच. ती अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ साली तिकडे गेला, त्यानंतर ती युरोपास कळली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. तिला नाव देखील आपण आपल्या जुन्या मिरीवरून दिले. आज पेडणे तालुक्यातील हरमलची मिरची भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, आणि तिच्यावाचून आपल्या हुमणाची कल्पनाही करवत नाही. तेव्हा, 'ही रीत आमच्या पूर्वजांपासून अशीच चालत आली आहे' असे कोणी म्हणेल, तर त्यास नम्रपणे सांगावे की पाचशे वर्षांपूर्वीच्या तुमच्या खापरपणजीच्या मुठीत मिरची नव्हती. भीती जुनी आहे. तिच्या हातातील वस्तू काळाप्रमाणे बदलत आल्या आहेत.

मोहरी आणि कडुलिंब

मग मिरचीच्या आधी काय होते? मिठाबरोबर मोहरी होती. 'मीठमोहरी ओवाळणे' हा शब्दप्रयोग आजही आहे. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाच्या जपणुकीचे वर्णन आले आहे. तेथे मोहरी, कडुलिंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी दिवसातून दोन वेळा, दहा दिवस द्यावी, असे सांगितले आहे. रक्तामांसाच्या वासाने येणारे निशाचर त्या धुराने दूर राहतात, अशी तेथील समजूत. जखम चिघळविणारे सूक्ष्म जीव तेव्हा कोणास दिसले नव्हते. जखम चिघळते, ही गोष्ट मात्र सर्वांस दिसत होती. वैद्याने त्या अदृश्य शत्रूस निशाचर म्हटले व हाताशी असलेल्या तीव्र पदार्थांनी त्यास हाकलण्याचा यत्न केला.

कडुलिंबाचा अर्थ त्याच्या चवीत आहे. जे कडू, त्यास वाईट गोष्टी शिवत नाहीत. त्याच्या पानांना कीड सहसा लागत नाही, हे पाहूनच धान्याच्या कणगीत ती घालतात. बाळंतिणीच्या दारास डहाळी अडकविणे हे याच अनुभवाचे पुढचे पाऊल. येथपर्यंत लोकांच्या बुद्धीस आम्ही नावे ठेवणार नाही. जे औषध होते त्यातूनच चिन्ह झाले. पण चिन्ह राहिले आणि औषध विसरले, तेव्हापासून घोटाळा सुरू झाला.

वेखंड आणि बिब्बा

याचे उत्तम उदाहरण म्हणजे वेखंड. उग्र वासाची ही मुळी दोऱ्यात ओवून तान्ह्या मुलाच्या मनगटास बांधतात. वासाने सर्दी हटते आणि वाऱ्याची बाधा होत नाही, असे दोन्ही हेतू एकाच गाठीत. बांधण्याने फारसे बिघडत नाही. पण मुळी उगाळून बाळास चाटविताना सांभाळावे. तिच्यात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते व ते अपायकारक ठरल्याने अमेरिकेत १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी करण्यात आली. तान्ह्या मुलास ते पोटात देण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

बिब्बा तर त्याहून जहाल. त्याचा काळा रस कातडीस लागला तर फोड येतात. परटांनी कपड्यांवर खूण करावयास तो वापरला, कारण त्याचा डाग धुऊन जात नाही. अमावास्येस दारावर लिंबू व मिरच्यांबरोबर तो ओवतात, तो पहारेकरी म्हणून: जो आत येईल त्यास पोळवील. चांगल्या कामात कोणी मध्येच बिब्बा घातला, असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच स्वभावाची साक्ष देतो.

या दोन्ही वनस्पतींवर आमच्या गोव्यातच एका थोर वैद्याने लिहून ठेविले आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास राहिला व १५६३ साली येथेच त्याचा हिंदी औषधींवरील ग्रंथ छापून निघाला. संवादाच्या रूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात बिब्ब्यावर एक व वेखंडावर एक असे स्वतंत्र संवाद आहेत. कोकणात वेखंडास काय म्हणतात, हेही त्याने टिपले आहे. या मनुष्याची पद्धत अशी की स्थानिक वैद्यांस विचारावे, स्वतः पाहावे आणि जुन्या ग्रंथकारांचे चुकत असेल तेथे ते चुकले, असे सांगावे. तो ज्यू कुळातील होता. मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. जो विचारपूस करून सत्य शोधीत होता, त्याला आपल्या लोकांनी संशयावरून असे वागविले. ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांस विसरून चालणार नाही, आणि आजच्या विषयाशी तिचा संबंध आहे.

लिंबू, कोहळा, नारळ

काही वस्तूंचा अर्थ मात्र गुणांत नसून बदलीत आहे. दारावर टांगलेला कोहळा, वाहनाच्या चाकाखाली चिरडलेले लिंबू, फोडलेला नारळ, ही बळीची सौम्य रूपे मानतात. नारळास शेंडी आहे, डोळे आहेत; तो मस्तकाच्या जागी. कोहळ्याचे वजन देहाच्या जागी. कधी काळी जेथे जीव द्यावयाचा, तेथे माणसाने फळ ठेविले. यात आम्हांस माणुसकीची वाढच दिसते. हळदीत चुना मिसळला की लाल रंग होतो; पूर्वी कुंकू याच युक्तीने करीत, आणि शुभप्रसंगी ओवाळून टाकण्याचे लाल पाणीही त्याचेच. ते रक्ताच्या जागी आहे. मात्र हीच युक्ती एखादा लबाड मांत्रिक दाखवील, लिंबातून 'रक्त' काढील आणि त्यापायी पैसे उकळील, तर हळद व चुना आपल्याच डब्यांत आहेत, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

नदीचे दोन तीर

चोपड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर शिवोली दिसते. आज दोन्ही तीर एकाच राज्यात आहेत, पण नेहमी तसे नव्हते. शिवोलीचा बार्देश प्रांत पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत मोडतो. पेडणे त्यांच्याकडे आले ते १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून. या दोहोंच्या दरम्यान, १७३६ साली, गोव्याच्या धर्मन्यायालयाने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या चालीरीतींविषयी एक विस्तृत आज्ञापत्र काढले होते. अंगणात तुळस लावू नये, असेल तेथून उपटून टाकावी. लग्नात हळद लावू नये, पानसुपारी वाटू नये. इतकेच काय, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, येथपर्यंत त्याची मजल गेली. शिवोलीच्या तीरावर तुळस उपटली गेली आणि अंगणात क्रूस आला. चोपड्याच्या तीरावर तुळशीवृंदावने राहिली.

पण दोन्ही तीरांवरच्या आयांच्या मुठीत आजही मीठ आहे. तुळस अंगणातून उपटता येते. मीठ आणि मिरची स्वयंपाकघरातून कोण काढणार? आणि आईच्या पोटातील भीती कोणते आज्ञापत्र काढणार? शिवाय जे राज्यकर्ते या चाली मोडावयास निघाले, त्यांच्याच मायदेशी सतापीची डहाळी दृष्टीवर उपाय म्हणून बाळगीत होते. नेपल्सचे लोक लाल पोवळ्याचे शिंग वापरतात, तुर्कस्तानात निळा काचमणी मुलाच्या अंगावर असतो. ही भीती एका धर्माची वा एका देशाची नाही.

आपल्याही घरात

येथे आम्ही धर्मगुरूंनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादिलेली झावळी आपण वर्षभर जपतो व विजा चमकू लागल्या की तिचा तुकडा जाळतो. देवावर भरवसा ठेवून ते केले, तर ती प्रार्थना होय. पण झावळीच वीज अडविते असे मनात आले, तर ती आणि दारावरचे लिंबू यांत काय भेद उरला? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात हा विषय स्पष्ट आला आहे. प्रार्थनेचे किंवा पवित्र चिन्हांचे सामर्थ्य मनोवृत्तीकडे न पाहता केवळ बाह्य क्रियेस चिकटविणे, हीही अंधश्रद्धाच, असे तो सांगतो. आणि परंपरागत उपचारांच्या आडून दुसऱ्याच्या भोळेपणाचा लाभ घेणे निषिद्ध ठरवितो. इतरांच्या घरातील धूर दाखविण्यापूर्वी आपली चूल तपासावी, हे बरे.

दोष कोठे आहे

तात्पर्य, वस्तूंना अर्थ देण्यात दोष नाही. मीठ टिकविते, कडुलिंब राखतो, मिरची झोंबते, हे अर्थ अनुभवातून आले आहेत. दोष सुरू होतो तो दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे उशीर. मुठीतील मीठ हे आईच्या काळजीचे चिन्ह म्हणून क्षणभर चालेल. ते औषधाच्या जागी आले की जीव जातो. एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंतचे मूल शांत असताना मिनिटास चाळीस किंवा अधिक श्वास घेत असेल, तर ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. श्वासाबरोबर छाती आत ओढली जात असेल, तर क्षणाचाही विलंब नको. घड्याळ प्रत्येक घरी आहे. चूल पेटविण्यापूर्वी आयांनी मिनिटभर मुलाचे श्वास मोजावेत. आणि अशा मुलाच्या छातीत मिरचीचा धूर जाऊ देऊ नये, हे तर सांगावयास नकोच.

दुसरे ठिकाण म्हणजे नाव. वस्तूच्या अर्थावरून आपण माणसाच्या नावावर येतो. आणि ते नाव नेहमी कोणाचे असते, हे पाहा. श्रीमंताचे नसते, मुलाबाळांनी भरलेल्या घराचे नसते. ज्या बाईस मूल नाही, नवरा नाही, जिच्या बाजूने बोलावयास कोणी नाही, तिच्याच डोळ्यांत हेवा दिसतो. तिच्याजवळ नाही ते आपल्याजवळ आहे, याची आपणांस वाटणारी धास्ती आपण तिच्या नजरेवर टाकून मोकळे होतो. पेडण्याच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली व त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा तिच्यामुळे रोगराई येते असे पसरविणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु आपल्या शेजारणीस दोष न देण्यासाठी ख्रिस्ती माणसाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नसावे.

मूल इस्पितळातून परतल्यावर काही दिवसांनी ती मीठवाली आम्हांस रस्त्यात भेटली. टोपली अर्धी भरलेली होती. वाड्यावरील दोन-तीन घरांनी तिच्याकडून मीठ घेणे बंद केले होते. एका घरी मुलास आत नेऊन दार लावून घेतले होते. तिने टोपली खाली ठेविली व विचारले, "फादर, माझ्या डोळ्यांत काय आहे, ते तुम्ही तरी सांगा." आम्हांजवळ उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी ताटलीत वाकून पाहणारे आम्हीही होतो, आणि आजीस तेथल्या तेथे काही बोललो नव्हतो. मुलाच्या घाईत राहून गेले, असे आम्ही स्वतःस समजाविले होते; पण पुढच्या भेटीतही ते राहूनच गेले होते.

त्याच आठवड्यात आम्ही मुद्दाम त्या घरी गेलो. मूल अंगणात खेळत होते. तुरटीविषयी, श्वासाविषयी जे येथे लिहिले तेच आजीस सांगितले. तिने मान डोलविली, पण पटल्याचे दिसले नाही. निघताना आम्ही सहज विचारले, "आजी, दृष्ट काढावयास मीठ कोणाकडचे घेतले होते?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिचेच. या घरात तिच्यावाचून दुसऱ्या कोणाचे मीठ आलेच नाही कधी."

"किती वर्षे?"

"माझी लेक जन्मली तेव्हापासून."

आम्ही आणखी काही बोललो नाही. मिठाला जागणे म्हणजे काय, हे त्या वयाच्या बाईस समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढील वर्षी मे महिन्यात ती विधवा टोपली घेऊन नेहमीच्या वाटेने आली आणि त्या घरासमोरून मान खाली घालून पुढे निघाली. तेव्हा आजी पायऱ्या उतरून खाली आली आणि तिने तिला हाक मारली. हे आम्हांस त्या घरच्या सुनेने सांगितले. आजीने वर्षाचे मीठ मोजून घेतले, पैसे दिले आणि तिला सोप्यावर बसवून चहा दिला. नातू तेथेच घुटमळत होता. त्यास कोणी आत बोलाविले नाही. उठताना मीठवालीने आपल्या रिवाजाप्रमाणे मापावर एक मूठ जास्त घातली.